भाडं वाढतं ते नेमकं कशानं? न्हावा शेवा, लाल समुद्र आणि खोक्यांचं (कंटेनरचं) गणित

मस्जिदबंदर
छोट्या निर्यातदार-आयातदारांना उपयोग होईल म्हणून वेगळा धागा काढतोय. २०२० नंतर एकामागोमाग एक चाललंय. करोना, मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात आडवी झालेली 'एव्हर गिव्हन' बोट, २०२३ चा पनामा कालव्याचा दुष्काळ, त्याच वर्षाअखेरीस लाल समुद्रातले हल्ले, मग २०२५ चं अमेरिकेचं टॅरिफ. दर वेळी बातमी येते आणि आठवड्याभरात फॉरवर्डरचा (बोटीत जागा मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचा) मेल येतो की भाड्याचा रेट बदलला, कारण विचारलं तर 'बंकर (बोटीचं इंधन) महागलं'. तेल पाच-दहा टक्के वाढलं तर भाडं तिप्पट कसं होतं, हा पहिला प्रश्न. दुसरा, या सगळ्यात आपल्या हातात काय असतं? सल्ला आकड्यांसकट द्या, 'जागतिक परिस्थिती' वगैरे नको.

गव्हाणफाटा
तेलाचं कारण सांगायला सोपं असतं म्हणून सांगतात. गणपतीत सावंतवाडीच्या खासगी बसचं तिकीट तिप्पट होतं तेव्हा डिझेल तिप्पट झालेलं नसतं. सीट तेवढ्याच, जाणारे जास्त. बोटीचं तेच आहे, फक्त इथे जाणारे वाढले नसले तरी सीट कमी होतात. त्या कशा, ते लोकलवरून सांगतो.

समजा चर्चगेट ते विरार आणि परत, एका रेकला चार तास लागतात. दर दहा मिनिटांनी गाडी हवी तर २४ रेक लागतील. ब्लॉकमुळे फेरी पाच तासांची झाली तर त्याच दहा मिनिटांसाठी ३० रेक हवेत. ते नाहीत, म्हणून गाडी साडेबारा मिनिटांनी येते. एकही रेक मोडला नाही, एकही मोटरमन रजेवर नाही, तरी तासाला २० टक्के जागा गायब.

आता न्हावा शेवा ते उत्तर युरोप घ्या. आठवड्याला एक बोट हवी आणि फेरी ५६ दिवसांची असेल तर ८ बोटी पुरतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये लाल समुद्रात हुथींनी 'गॅलेक्सी लीडर' ही बोट पळवली, डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या लाइन्सनी (बोट कंपन्यांनी) लाल समुद्र सोडला आणि आफ्रिकेच्या टोकाच्या केप ऑफ गुड होपचा वळसा धरला. मुंबई ते रॉटरडॅम तो वळसा सव्वाचार हजार सागरी मैलांच्या वर जातो. १४ नॉटनं (तासाला १४ सागरी मैल) दिवसाला ३३६ मैल, म्हणजे एका बाजूला बारा-तेरा दिवस. फेरी साधारण ८४ दिवसांची होते, तेव्हा १२ बोटी लागतात. लाइनकडे आठच असतील तर बोट साडेदहा दिवसांनी लागणार. त्या मार्गावरची एक तृतीयांश जागा एक बोट न बुडता संपली.

आकडेमोड_ठाणे
गव्हाणफाटा, तेलाचा मुद्दा आकड्यात मांडून बघू. खालचे आकडे गृहीत धरलेले आहेत, आपापले घालून बघा.

८,००० टीईयूची (एक टीईयू म्हणजे एक २० फुटी खोका) बोट, रोज ८० टन इंधन, टनाला ६०० डॉलर, १३ जादा दिवस. ८० × ६०० × १३ = ६,२४,००० डॉलर. बोट ८५ टक्के भरलेली, म्हणजे ६,८०० टीईयू. खोक्यामागे ९२ डॉलर. बोटीचं रोजचं भाडं ४०,००० डॉलर धरलं तर १३ दिवसांचे ५,२०,०००, खोक्यामागे ७६. एकूण १६८ डॉलर. आणि सुएझमधून गेलं नाही म्हणून कालव्याचा टोल वाचला, मोठ्या कंटेनर बोटीला तो काही लाख डॉलर पडतो. समजा ४ लाख वाचले, तर खोक्यामागे ५९ डॉलर परत. निव्वळ जादा खर्च ११० च्या आत.

वेळ वाचवायला बोट जोरात हाकली तर गणित बदलतं. इंधन वेगाच्या घनात वाढतं. १५ वरून १८ नॉट म्हणजे वेग २० टक्के जास्त, रोजचं इंधन ७३ टक्के जास्त.

मस्जिदबंदर
म्हणजे खर्च वाढला शंभर-दोनशे डॉलर आणि भाडं वाढलं हजारोंनी?

गव्हाणफाटा
बरोबर. ड्रूरी या सल्लागार कंपनीचा जागतिक कंटेनर निर्देशांक बघा, ४० फुटी खोक्याचा. २०१९ ची सरासरी १,४२० डॉलर. सप्टेंबर २०२१ मध्ये १०,३७७. मग उतरत उतरत नोव्हेंबर २०२३ अखेरीस १,४०० च्या आसपास आला आणि जानेवारी २०२४ संपताना ४,००० ला टेकला. जुलै २०२४ मध्ये ५,९०० च्या वर. तेलाचा आलेख याच्यासारखा अजिबात दिसत नाही.

भाडं ठरतं ते शेवटच्या जागेला. बोटीत शंभर जागा आणि ९५ गिऱ्हाईक असतील तर शेवटच्या पाच जागा मिळेल त्या किमतीला जातात, कारण रिकामी जागा घेऊन निघालेली बोट ती जागा पुन्हा विकू शकत नाही. १०५ गिऱ्हाईक झाले की तोच बाजार उलटतो: ज्याचा माल थांबला तर कारखाना बंद पडणार आहे, तो दर ठरवतो. तुमची वाटी-चमच्यांसारखी छोटी शिपमेंट त्याच रांगेत उभी असते.

त्यात खोट्या मागणीची भर. घबराट झाली की एकाच मालासाठी तीन लाइन्सकडे बुकिंग टाकतात, जी आधी मिळेल ती घेतात, बाकी सोडून देतात. लाइनलाही हे माहीत, म्हणून तीही जागेपेक्षा जास्त बुकिंग घेते आणि मग खोकी 'रोल' करते, म्हणजे पुढच्या बोटीवर ढकलते. दोघांनी एकमेकांवरच्या अविश्वासातून तयार केलेली टंचाई आहे ही, आणि बातमी थंडावल्यावरही दोन महिने टिकते.

रिकाम्या खोक्यांची बाजू वेगळी. माल भरल्यापासून खोका रिकामा परत यार्डात येईपर्यंत ६० दिवस लागत असतील तर वर्षात सहा फेऱ्या. ८५ लागायला लागले की चार-सव्वाचार. तोच व्यापार चालवायला ४० टक्के जास्त खोकी हवीत. जगातली बहुतेक नवी खोकी चीनमध्ये बनतात, आणि तिथल्या निर्यातदाराला भाडं आपल्यापेक्षा जास्त द्यावं लागत असेल तर लाइन रिकामं खोकं आधी तिकडे पळवते. त्यात आपली जुनी गोम: आयात येते ४० फुटीत आणि तांदूळ, ग्रॅनाइट, लोखंड अशा जड मालाला हवी २० फुटी. द्रोणागिरीच्या यार्डात खोक्यांची थप्पी दिसते म्हणून तुमच्या मापाचं आणि धान्य भरण्याइतकं स्वच्छ खोकं आहे असं समजू नका. बुकिंग हातात आल्यावर त्याच दिवशी उचला, आणि उचलताना आत उभं राहून दार लावून बघा. छतातून उजेड दिसला तर परत.

वाशीचा_वाटाड्या
+१. दारातला रबर आणि फळीतला जुना रसायनाचा वासही बघा. आखातात जाणाऱ्या तांदळाला वास लागला की क्लेम कोणी उचलत नाही.

बॅलार्डइस्टेट
दर कसा वाचायचा ते लिहितो, कारण भांडणं दरावर कमी आणि खालच्या बारीक ओळींवर जास्त होतात.

कोटेशनमध्ये मूळ भाडं एका बाजूला आणि अधिभार दुसऱ्या बाजूला असतात. बीएएफ म्हणजे इंधनाचा. जीआरआय म्हणजे सरसकट वाढ, बहुतेकदा महिन्याच्या १ आणि १५ तारखेला जाहीर होते. पीएसएस हंगामाचा, जो हंगाम नसतानाही लागतो. वॉर रिस्क वेगळा. युरोपला जाणाऱ्या मालावर १ जानेवारी २०२४ पासून कार्बनचाही लागतो. युरोपात येणाऱ्या-जाणाऱ्या फेरीच्या निम्म्या उत्सर्जनाचा हिशेब धरतात, त्यातला २०२४ चा ४० टक्के, २०२५ चा ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण. केपचा वळसा म्हणजे उत्सर्जन जास्त, म्हणून हा अधिभारही फुगतो. वर न्हावा शेवाचा टीएचसी (टर्मिनलवरचा हाताळणी खर्च), बीएल (बिल ऑफ लेडिंग, माल चढवल्याची लाइनची पावती) फी, सील, आणि पलीकडचा डेस्टिनेशन टीएचसी.

फोनवर 'ऑल इन १,८०० डॉलर' ऐकून माल भरू नका. चार गोष्टी मेलवर लेखी घ्या.

एक, 'ऑल इन'मध्ये काय काय आहे त्याची यादी, आणि 'लोडिंगच्या वेळी लागू असलेले अधिभार जादा' ही ओळ आहे की नाही. ती ओळ असेल तर तो दर नव्हे, अंदाज आहे.

दोन, व्हॅलिडिटी कशावर मोजणार? बुकिंगच्या तारखेवर, गेट-इनवर (खोका बंदरात गेल्याच्या तारखेवर) की ऑन बोर्ड तारखेवर? १४ तारखेपर्यंतचा दर आहे, खोका ११ ला आत गेला, बोट उशिरा येऊन १६ ला भरली, आणि १५ ला जीआरआय लागला. वाढ कोण भरणार? लेखी नसेल तर तुम्ही.

तीन, रोल झालं तर जुना दर पुढच्या बोटीला लागू राहील का.

चार, डॉलरचा कुठला दर. लाइन स्वतःचा विनिमय दर लावते आणि तो बाजाराच्या वर असतो. भाडं ५,००० डॉलर असेल आणि दर दोन रुपयांनी वर असेल तर दहा हजार रुपये तिथेच गेले. भाडं ८०० डॉलर असताना हे कोणी बघत नव्हतं.

शिवाय निर्यातीच्या भाड्यावरची जीएसटीची सूट १ ऑक्टोबर २०२२ पासून गेली. परतावा मिळतो, पण तोवर पैसा अडकतो, आणि भाडं तिप्पट झालं की अडकलेली रक्कमही तिप्पट.

चाकणचा_नट
आयातीचं कोणी बोलत नाहीये. चीनहून सुटे भाग येतात, सप्लायर म्हणतो सीआयएफ (किमतीतच भाडं-विमा) न्हावा शेवा घ्या, भाडं आम्ही बघतो. स्वस्तही दिसतं. यात खोट काय?

बॅलार्डइस्टेट
खोट डीओच्या (माल सोडवायच्या डिलिव्हरी ऑर्डरच्या) वेळी दिसते. तिकडचा फॉरवर्डर सप्लायरला भाडं खूप कमी, कधी शून्याजवळ देतो आणि ते इकडे 'डेस्टिनेशन चार्जेस'मध्ये वसूल करतो. माल सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) पडलाय, ग्राउंड रेंट चालू आहे, डीओ त्याच्या एजंटकडे आहे, तुम्ही भांडणार कशाच्या जोरावर? सीआयएफ घ्यायचंच असेल तर ऑर्डर देण्याआधी त्याच्या मुंबईतल्या एजंटकडून इथल्या सगळ्या खर्चाची यादी मागवा आणि ती पीओला (खरेदी ऑर्डरला) जोडा. नाही तर एफओबी (भाडं-विमा तुमचा) घ्या आणि लाइन स्वतः ठरवा. म्हणजे मोफत दिवसही (खोका परत करेपर्यंतचे बिनभाड्याचे) तुम्ही मागू शकता. बाजार तापलेला असताना लाइन दर सोडत नाही, पण सातचे चौदा दिवस मात्र देते. बहुतेक जण ते मागतच नाहीत.

बिल_ऑफ_एंट्री
चाकणकर, त्यात आणखी एक गोष्ट. आपल्याकडे कस्टम्स ड्युटी भाडं आणि विमा धरून लागते. म्हणजे भाडं वाढलं की वाढलेल्या भाड्यावरही ड्युटी.

समजा भाडं २,००० डॉलरनं वाढलं. बेसिक ड्युटी ७.५ टक्के, म्हणजे १५०. तिच्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १५. आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के, तो २,१६५ वर, म्हणजे ३८९.७०. एकूण ५५४.७० डॉलर. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, १६५ कायमचे गेले. थोडक्यात २,००० ची वाढ तुम्हाला २,१६५ ला पडली, वर ३९० महिनाभर अडकले.

आणि इनव्हॉइस एफओबी असेल तर भाड्याचा पुरावा फाइलला लावा. भाडं कळत नसेल तर नियमानं एफओबीच्या २० टक्के धरतात, विमा कळत नसेल तर १.१२५ टक्के. महागड्या, हलक्या मालाला हे २० टक्के प्रत्यक्ष भाड्यापेक्षा खूप जास्त बसतात. विमानाचं भाडं मात्र कितीही झालं तरी मूल्यांकनात एफओबीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. तातडीनं विमानानं आणलेल्या मालाला ही मर्यादा लावली आहे ना, ते एजंटकडून तपासून घ्या.

आकडेमोड_ठाणे
साठ्याचं गणितही इथेच. उशीर झाला की लोक फक्त वाढलेले दिवस मोजतात. खरा त्रास दिवसांच्या बेभरवशाचा असतो.

रोज १०० नग लागतात, मागणी वर-खाली होते २० नगांनी. माल यायला ३० दिवस, त्यात चढउतार ३ दिवसांचा. सुरक्षित साठा काढताना ३० गुणिले २० चा वर्ग, अधिक १०० चा वर्ग गुणिले ३ चा वर्ग, याचं वर्गमूळ: ३१९. शंभरातल्या ९५ वेळा माल संपू नये म्हणून १.६५ नं गुणा, साधारण ५२७ नग. पाच दिवसांचा माल.

आता ४४ दिवस आणि चढउतार ८ दिवसांचा धरा. वर्गमूळ ८११, साठा १,३३८ नग. तेरा दिवसांचा. वाटेतला माल ३,००० वरून ४,४०० झाला तो वेगळा. गंमत बघा: दिवस ४४ च राहू दे पण चढउतार पुन्हा ३ वर आणा, साठा ५४० च्या आसपास येतो. म्हणून दोन दिवस हळू पण ठरल्या वारी लागणारी सर्व्हिस थोडी महाग असली तरी घ्या. चार स्वस्त दर ताडून बघताना त्या लाइनच्या मागच्या आठ बोटींची जाहीर तारीख आणि प्रत्यक्ष तारीख शेजारी लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

द्राक्षबाग
वळशाचा सगळ्यात वाईट फटका नाशिकच्या द्राक्षांना. रॉटरडॅम सुएझमार्गे तीन आठवड्यांच्या आसपास, केपमार्गे पाच आठवडे आणि वर. खोक्यात साधारण १३ टन माल. हंगाम जानेवारी ते एप्रिल, त्यामुळे 'भाडं उतरेपर्यंत थांबू' हा पर्यायच नाही. रीफरवाल्यांसाठी (थंड खोक्यातून माल पाठवणाऱ्यांसाठी) काय बदलावं लागतं ते कोणी लिहाल का?

वाशीचा_वाटाड्या
लिहितो. जास्तीचे पंधरा दिवस खोक्यात नाही, पॅकहाउसमध्ये कमवायचे असतात.

रीफर माल थंड करत नाही, थंड माल थंड ठेवतो. काढणीनंतर प्रीकूलिंग लवकरात लवकर सुरू करून घडाच्या आतलं तापमान ० ते १ अंशावर आणायचं, आणि मोजायचं मण्यात सुई टोचून. खोलीचा काटा बघून नाही. खोक्याचा सेटपॉइंट उणे ०.५ ते ०, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. अर्धवट थंड माल भरला की पेटीत दव धरतं, आणि खरी गडबड तिथून. बुरशी रोखायला पेटीत ठेवलेला सल्फर डायऑक्साइडचा पॅड ओलाव्यानं काम करतो. दव पडलं की पॅड सगळा वायू एकदम सोडतो, मणी देठाजवळ पांढरे पडतात आणि तिसऱ्या आठवड्यात पॅड रिकामा. मग चौथ्या-पाचव्या आठवड्यात बुरशीला रान मोकळं. लांबच्या प्रवासाला दोन टप्प्यांचा पॅड घ्या, पहिला भाग लगेच सुटणारा, दुसरा हळूहळू. पुरवठादाराला 'किती दिवसांसाठी' असं विचारा आणि उत्तरावर आठवडा जादा धरा.

देठ सुकणं पॅडनं थांबत नाही. लायनरची (पेटीतल्या प्लास्टिकच्या पिशवीची) छिद्रं आणि काढणीच्या वेळचं ऊन यावर ते ठरतं. उशिराच्या, जास्त साखरेच्या बागेचा माल केपमार्गे पाठवूच नका, तो आखातात द्या.

भरताना लाल रेषेच्या वर थर लावू नका, दारापाशी हवेची वाट सोडा. लॉगर (तापमान नोंदवणारी यंत्रं) दोन ठेवा, एक दाराजवळच्या पॅलेटमध्ये वर, एक मध्ये. दाराजवळचा भाग सगळ्यात गरम असतो. नाशिक ते शेवा जेनसेट (ट्रेलरवरचा जनरेटर) चालू आहे का, याची नोंद ट्रेलरवाल्याकडून लेखी घ्या. पुढे वाद झाला तर पहिले सहा तास कुणाच्या ताब्यात होते यावरच होतो.

पॉलिसीवाचक
आणि यात एक गैरसमज नेहमीचा: 'ऑल रिस्क पॉलिसी आहे, खराब झालं तर क्लेम करू.' इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज 'ए' मध्ये (ऑल रिस्क मालविम्याच्या प्रमाण कलमांत) उशिरामुळे झालेलं नुकसान स्पष्टपणे वगळलेलं आहे, उशीर विमा उतरवलेल्या धोक्यामुळे झाला असला तरी. मशीन बंद पडून तापमान चढलं तर क्लेम आहे, तेही रीफर बिघाडाचं कलम घेतलं असेल तरच. मशीन ठीक, फक्त बोट पंधरा दिवस उशिरा, माल म्हातारा झाला, तर विमा कंपनी काही देणार नाही. लाइनही नाही, कारण बीएलच्या मागच्या बारीक अक्षरांत मार्ग बदलायची मुभा तिनं घेतलेली असते.

युद्धही 'ए' मध्ये नाही. ते वेगळं कलम, वेगळा हप्ता, आणि विमा कंपनी ते ७ दिवसांच्या नोटिशीनं काढून घेऊ शकते. नोटीस लागू होण्याआधी ज्या मालाचा धोका सुरू झाला तो सुरक्षित. म्हणून ओपन पॉलिसीवाल्यांनी (अनेक शिपमेंटना मिळून एकच पॉलिसी असलेल्यांनी) शिपमेंटचं डिक्लरेशन महिनाअखेरीस एकदम टाकायची सवय सोडावी. संप-दंग्याचं कलमही असंच वेगळं. ऑक्टोबर २०२४ च्या पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बंदरं बंद होती, तेव्हा हे कलम असलेल्यांनाही उशिराचे पैसे मिळण्यासारखे नव्हते. ते कलम तोडफोडीसाठी आहे, वाट बघण्यासाठी नाही.

बोटीच्या बाजूचा आकडा कळला तर मार्ग का बदलतात तेही कळतं. लाल समुद्रातून जायचा बोटीचा युद्ध-विमा शांत काळात किमतीच्या ०.१ टक्क्याच्याही आत असे, तो ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेला. दहा कोटी डॉलरच्या बोटीला एका फेरीला सात ते दहा लाख डॉलर. ठाण्याच्या साहेबांचं वरचं गणित बघा, टोल वजा जाता वळशाचा जादा खर्च साडेसात लाखांच्या आत; विमा एक टक्क्याकडे गेला की वळसाच स्वस्त पडतो.

आणि जनरल अ‍ॅव्हरेज. 'एव्हर गिव्हन' सुटल्यावर मालकांनी तो १ एप्रिल २०२१ ला जाहीर केला. अर्थ असा की बोट वाचवायचा खर्च बोटमालक आणि सगळे मालधनी यांच्यात वाटायचा. तुमच्या मालाला ओरखडा नसला तरी हमी दिल्याशिवाय खोका सुटत नाही. विमा असेल तर कंपनी हमीपत्र देते, नसेल तर रोख ठेव भरा. 'दोन लाखांचा माल, विमा कशाला' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मस्जिदबंदर
उशिराचा विमा नाही तर मग धोका करारातच दुसरीकडे ढकलता येतो का? एफओबी लिहिलं की सुटलो, असं आमच्याकडे समजतात.

पॉलिसीवाचक
नाही सुटत. एफओबीत धोका खोका बोटीवर चढल्यावर जातो. टर्मिनलमध्ये आठ दिवस पडलेला खोका तुमच्याच जोखमीवर आहे. कंटेनरच्या मालाला एफसीए लिहा, माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की धोका गेला. बँक ऑन बोर्ड बीएल मागते म्हणून लोक एफओबी सोडत नाहीत, पण इनकोटर्म्स २०२० मध्ये (व्यापारी अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत) एफसीएलाही ऑन बोर्ड बीएलची सोय आहे. खरेदीदाराला ते कलम दाखवा.

एलसी (बँकेचं पतपत्र) असेल तर आणखी जपा. बँक गेट-इन बघत नाही, ऑन बोर्ड तारीख बघते. 'लेटेस्ट शिपमेंट' ३० तारीख असेल तर २८ ची बोट धरू नका. निदान एक बोट मागे सुटेल एवढी जागा ठेवा, वेळापत्रक विस्कटलेलं असेल तर दोन. एलसीत वेगळी मुदत नसेल तर कागद शिपमेंटपासून २१ दिवसांत द्यायचे असतात. आणि रोल झालं तर खरेदीदाराकडून एलसी दुरुस्त करून घ्या. बीएलवर मागची तारीख टाकून घेणं म्हणजे सरळ फसवणूक, 'सगळे करतात' हे त्याला उत्तर नाही.

उरणची_वाट
बंदरातल्या बाजूचं थोडं. बोटींचं वेळापत्रक विस्कटलं की गेट-ओपनची तारीख दिवसाला दोनदा बदलते. ट्रेलर नाशिकहून निघाला आणि गेट पुढे ढकललं, की तो बंदराजवळच्या जासई-करळ पट्ट्यात कुठेतरी उभा, होल्टिंग (ट्रेलर थांबवल्याचे पैसे) तुमच्या डोक्यावर. निघण्याआधी टर्मिनलच्या साइटवर बोटीचं नाव, व्हॉयेज (फेरीचा क्रमांक) आणि गेट-ओपन तपासा. फॉरवर्डरच्या कालच्या मेलवर जाऊ नका. लाइन एकच असली तरी टर्मिनल बदलू शकतं, फॉर्म १३ (खोका आत न्यायचा परवाना) कुठल्या टर्मिनलचा आहे ते बघा.

कट-ऑफ (खोका आत घ्यायची शेवटची वेळ) चुकला की शट-आउट, म्हणजे खोका त्या बोटीवर चढत नाही. खोका आत गेलाय आणि बोट रद्द झाली तर आतच पुढच्या बोटीवर चढवून घेणं स्वस्त. बाहेर काढायचा, म्हणजे 'बॅक टू टाउन', तर कस्टम्सची परवानगी, टर्मिनलचा खर्च आणि पुन्हा ट्रेलर. नाशवंत नसेल तर काढू नका. मात्र त्याच दिवशी लाइनला मेल टाका की विलंब तुमच्या बोटीमुळे आहे, स्टोरेज तुमच्याकडे. महिन्यानं बिल आल्यावर टाकलेल्या मेलला किंमत नाही.

चाकणचा_नट
टॅरिफचं काय? अमेरिकेनं २०२५ मध्ये भारतावर ७ ऑगस्टला २५ आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के लावले. मागणी पडली तर भाडं उतरायला हवं ना?

गव्हाणफाटा
उतरतं, पण आधी चढतं. २७ ऑगस्टच्या आत बोटीवर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत अमेरिकेत दाखल झालेला माल जुन्या दरानं जाणार होता. अशी तारीख जाहीर झाली की दोन महिन्यांचा माल दोन आठवड्यांत बंदराकडे धावतो. चीनचं त्याच वर्षी मे महिन्यात झालं. १२ मेला टॅरिफ ९० दिवसांपुरतं उतरवायचं जाहीर झालं, जूनच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेचं भाडं उसळलं आणि जुलैपर्यंत पुन्हा घसरलं. वाढ-घट दोन्ही एका तिमाहीत.

नंतरच्या मंदीत लाइन्स दर पाडण्याऐवजी बोटी रद्द करतात, त्याला ब्लँक सेलिंग म्हणतात. म्हणून मागणी पडलेल्या महिन्यात भाडं कमी आणि जागा मात्र नाही, हे विचित्र दृश्य दिसतं.

ड्रूरीच्या त्या निर्देशांकात भारताचा एकही मार्ग नाही, आठही मार्ग शांघाय, युरोप, अमेरिकेतले. त्यावरून वारा कुठला ते बघा, दर घासाघीस करायला तो आकडा फॉरवर्डरपुढे ठेवू नका, हसतील.

द्राक्षबाग
मग वर्षाचा करार करावा का? दर तरी स्थिर राहील.

बॅलार्डइस्टेट
महिन्याला दहा खोक्यांच्या आत असाल तर माझं मत 'नाही'. बाजार चढला की करारातली खोकी आधी रोल होतात, कारण त्यांच्यावर कमाई कमी.

गव्हाणफाटा
अर्धंच सांगताय. बाजार पडला की करार मोडून स्पॉटला (त्या दिवशीच्या बाजारभावाला) पळणारेही आपणच. ठरलेली संख्या दोन्ही बाजूंनी पाळली नाही तर दंड, अशी ओळ असलेला करार टिकतो. नाशिकवाल्यांनी वर्षाचा नको, हंगामाचा करावा: किती खोकी, कुठल्या आठवड्यात किती, प्लग (रीफरची वीजजोडणी) आणि जेनसेट धरून. एकट्यानं नाही, चार-पाच पॅकहाउसनी मिळून. शंभर खोक्यांचं आश्वासन घेऊन गेलात तर लाइनचा माणूस खुर्ची देतो.

मस्जिदबंदर
शेवटचा प्रश्न. सगळ्या लाइन्स सुएझला परतल्या की स्वस्ताई लगेच?

गव्हाणफाटा
लगेच नाही. सुरुवातीला गर्दी होईल. केपमार्गे निघालेली बोट आणि तिच्यानंतर दोन आठवड्यांनी सुएझमार्गे निघालेली बोट रॉटरडॅमला एकाच आठवड्यात पोचणार. तिथे यार्ड भरणार, रिकामी खोकी अडकणार, इकडे महिनाभर टंचाई. ती निवळली की लांबच्या फेऱ्यांसाठी जोडलेल्या बोटी मोकळ्या होतील आणि दर कोसळतील. म्हणून परतीच्या बातम्या सुरू झाल्या की तीन महिन्यांच्या पुढचा दर बांधून घेऊ नका, आणि त्या पहिल्या महिन्यात युरोपच्या मालाला पलीकडचे मोफत दिवस वाढवून मागा. खरेदीदार खोका वेळेत सोडवू शकला नाही तर डिटेन्शनचं (खोका उशिरा परत केल्याचं) बिल शिपर म्हणून तुमच्याच नावानं येतं.

द्राक्षबाग
रीफरला किती दिवस मागावेत?

गव्हाणफाटा
दहा मागा, सात मिळतील. आणि त्यात प्लगचे दिवस धरलेत की वेगळे, तेही लिहून घ्या.